१८०० फॅरड आले, पण पुढे काय?

पत्र थोडक्यात, नाव-गाव काढून: वय २८. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात नॅनोमटेरियल्समध्ये पीएचडी, चौथं वर्ष संपत आलंय. विषय सुपरकपॅसिटर, म्हणजे सेकंदात चार्ज होणारं ऊर्जा साठवायचं साधन. निकेल फोमवर (निकेलच्या स्पंजासारख्या जाळीवर) हायड्रोथर्मलने, म्हणजे बंद भांड्यात द्रावण तापवून, निकेल-कोबाल्ट हायड्रॉक्साइडच्या नॅनोशीट्स (अतिसूक्ष्म पापुद्रे) वाढवायच्या आणि मोजायच्या. दोन पेपर झालेत, सर म्हणतात अजून दोन पाहिजेत. थ्री-इलेक्ट्रोडमध्ये, म्हणजे एकट्या मटेरियलच्या चाचणीत, १८०० फॅरड पर ग्रॅम येतात (फॅरड म्हणजे चार्ज साठवायच्या क्षमतेचं माप), पण समोर ॲक्टिव्हेटेड कार्बन लावून पूर्ण डिव्हाइस बनवलं की आकडा कोसळतो. एका कॉन्फरन्सला कंपनीतले एक गृहस्थ पोस्टरसमोर थांबले आणि "मॅडम, याचा प्रॅक्टिकली काही उपयोग नाही" म्हणून पुढे गेले. तेव्हापासून लॅबची पायरी चढवत नाही. चाकणच्या एका बॅटरी पॅक कंपनीची टेस्टिंगची ऑफर आलीय, महिन्याभरात जॉइन व्हा म्हणतात. कोरियातला सिनियर म्हणतो पीएचडी उरक आणि इकडे ये. घरी लग्नाचं चाललंय. तिचे प्रश्न: चार वर्षं वाया गेली का? सोडून नोकरी धरू का? आणि थिसिसच्या टायटलमध्ये 'सस्टेनेबल' लिहिताना फसवल्यासारखं वाटतं, त्याचं काय करू? शेवटी एका ओळीत, घरच्यांना काय सांगू?

अगं, लग्न, कोरिया, चाकण सगळं जरा बाजूला ठेव, आधी तो १८०० चा आकडा घेऊ. मी सेल टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे तुझं पत्र वाचून पहिल्यांदा हात कॅल्क्युलेटरकडेच गेला. तू विंडो, म्हणजे ज्या व्होल्टेजच्या टप्प्यात मोजलंस तो, लिहिलीयस ०.४५ व्होल्ट. १८०० गुणिले ०.४५ म्हणजे ८१० कूलोम (चार्जचं एकक) पर ग्रॅम, त्याला ३.६ ने भागलं की २२५ मिलिअँपिअर अवर पर ग्रॅम. निकेल हायड्रॉक्साइडची थिअरॉटिकल कपॅसिटी आहे २८९. म्हणजे तुझं मटेरियल थिअरीच्या पाऊणपटीच्या वर देतंय, आणि हे चांगलं रीडिंग आहे बाई, यात रडण्यासारखं मला काही दिसत नाही. फक्त ते बॅटरीचं रीडिंग आहे. सीव्हीमध्ये, म्हणजे व्होल्टेज वर-खाली फिरवून करंट मोजल्यावर, दोन ठसठशीत पीक येतात, डिस्चार्जला सपाट पठार येतं, असं तूच लिहिलंयस. कपॅसिटरची लाइन तिरकी सरळ उतरते, पठार बॅटरीचं असतं. २०१५ साली ब्रूस, बेलांजे आणि लाँग या तिघा संशोधकांनी हेच लिहून ठेवलंय की निकेल हायड्रॉक्साइडसारख्या मटेरियलला फॅरडमध्ये मोजू नका, ते कपॅसिटन्स नाहीच, अँपिअर अवरमध्ये किंवा कूलोममध्ये सांगा. तुमच्या लॅबमध्ये तो पेपर कुणीतरी ग्रुपवर टाकलाच असणार, पण फॅरडमध्ये लिहिलं की आकडा चार अंकी दिसतो आणि चार अंकी आकड्याचा मोह फक्त आपल्याकडेच आहे असं नाही, जगभर आहे.

आता डिव्हाइस का कोसळलं ते बघ. समोर तू कार्बन लावलास, चांगला कार्बन साधारण २०० फॅरड देतो, एक व्होल्टची विंडो धरली तर २०० कूलोम. तुझे ८१०. दोन्हीकडचा चार्ज सारखा करायचा तर तुझ्या एका ग्रॅमला कार्बनचे चार ग्रॅम लागणार. एकूण पाच ग्रॅमने भागलं की आले १६२ कूलोम. सरळ पाचवा हिस्सा! यात तुझ्या हाताची काही चूक नाही, नॅनोशीट फाटल्या नाहीत, केओएचचं द्रावण (इलेक्ट्रोलाइट) खराब नव्हतं. हा हिशोब डिव्हाइस बनवायच्या आधीच कागदावर करता येतो आणि तसा करायला तुला कुणी सांगितलं नाही, एवढंच झालंय.

तरीही त्या गृहस्थांचं म्हणणं अगदीच मोडीत काढू नको. बोलायची पद्धत वाईट होती हे मान्य, पोस्टरसमोर उभ्या असलेल्या पोरीला असं म्हणून निघून जायचं नसतं, दोन मिनिटं थांबून कारण तरी सांगायचं. पण ते कशाबद्दल बोलत असावेत याचा मला अंदाज आहे. निकेल फोम एका चौरस सेंटिमीटरला साधारण ३५ मिलिग्रॅम भरतो आणि त्यावर तुझं मटेरियल आहे एक मिलिग्रॅम. भात तोलायचा आणि पातेलं सोडून द्यायचं असा तो हिशोब झाला, उचलून न्यायचं तर पातेल्यासकटच न्यावं लागतं ना. फोम धरून भागलं तर तुझे १८०० होतात पन्नास. विकायच्या सुपरकपॅसिटरमध्ये चौरस सेंटिमीटरला दहा मिलिग्रॅमच्या आसपास मटेरियल असतं, थर शंभर-दोनशे मायक्रॉनचा, आणि तेवढ्या जाड थरात आयन आत-बाहेर करायला दमतात म्हणून पातळ थराचे आकडे तिथे टिकत नाहीत. गोगोत्सी आणि सिमॉन या संशोधकांनी २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात यावरच लिहिलं होतं, की लोडिंग (चौरस सेंटिमीटरला किती मटेरियल) आणि पूर्ण डिव्हाइसचं वजन सांगितल्याशिवाय पर ग्रॅम आकड्याला काही अर्थ नाही.

आणि बाजारात खपतं काय तर ॲक्टिव्हेटेड कार्बन. तोही बऱ्याचदा नारळाच्या करवंट्यांचा! ग्रॅमला दीड-दोन हजार चौरस मीटर सरफेस, स्वस्त, लाखो सायकल, म्हणजे चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या, चालतो. पवनचक्कीच्या पात्याचा कोन फिरवायला, बसच्या ब्रेकची ऊर्जा परत घ्यायला तोच वापरतात. त्या डिव्हाइसची एनर्जी किलोला फार तर पाच-दहा वॅट अवर, लिथियम-आयनची दीडशे ते अडीचशे, तरी त्याला गिऱ्हाईक आहे, कारण तो सेकंदात भरतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. त्याच्याशी तुझ्या मटेरियलची स्पर्धा लावली तर तू हरणारच, तुझं मटेरियल त्या शर्यतीतलं नाहीच. ते एडिसनच्या निकेल-आयर्न बॅटरीच्या, १९९७ च्या पहिल्या प्रियसमधल्या निकेल मेटल हायड्राइडच्या कुळातलं आहे. त्या कुळात नॅनोशीटने काय फरक पडतो, भराभर चार्ज होतं का, हजार सायकलनंतर किती उरतं, हा प्रश्न खरा आहे आणि तुझ्याकडे त्याचा अर्धाअधिक डेटा पडलेला आहे.

चार वर्षं वाया गेली का, या प्रश्नामागे तू एक गोष्ट धरून चाललीयस की मटेरियल बाजारात आलं तरच काम कामी आलं. हे कुणी सांगितलं तुला? अर्थात दोष तुझा नाही, आपल्याकडे प्रत्येक थिसिसच्या पहिल्या पानावर ऊर्जा संकट आणि शेवटच्या पानावर 'भविष्यात उपयुक्त ठरेल' असतंच. अशा वेळी सगळे लिथियम आयर्न फॉस्फेट या बॅटरी मटेरियलची गोष्ट सांगतात. १९९७ मध्ये टेक्सासला बॅटरी संशोधक गुडइनफ यांच्या ग्रुपमधून तो पेपर आला, पहिलं नाव आपल्या भारतातल्या अक्षय पाढी यांचं, मटेरियल इतकं कमी कंडक्टिव्ह की हे काय चालणार असं वाटावं, मग कुणी कणावर कार्बनचा थर दिला, कुणी कण नॅनो केले म्हणजे लिथियमला जायचं अंतर कमी, आणि आज चीनमधल्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्या त्यावर धावतात. गोष्ट खरी आहे पण मी ती तुला दिलासा म्हणून सांगणार नाही. त्याच काळात जेवढी मटेरियल्स पेपरात आली त्यातली बहुतेक तिथेच राहिली आणि तुझंही बहुधा तिथेच राहील. मला त्या गोष्टीतला दुसराच भाग आवडतो. करंट वाढवला की कपॅसिटी घसरते हे लपवलं नाही, म्हणून पुढच्यांना नेमकं काय दुरुस्त करायचं ते कळलं. तुझा डिव्हाइसचा पडलेला आकडा कारणासकट छापला गेला तर पुढच्या दहा पोरांचे सहा-सहा महिने वाचतील, हा उपयोगच आहे की.

म्हणून मी काय केलं असतं सांगते. नवीन मटेरियल बनवणं आजपासून बंद. सर 'आता यात सल्फर टाकून बघ, मग सेलेनियम' म्हणतील, तर नको म्हणायचं, कसं म्हणायचं ते पुढे सांगते. आहे त्याच मटेरियलवर चार मोजमापं करायची. कोऱ्या निकेल फोमचं रीडिंग त्याच केओएचमध्ये घ्यायचं, कारण फोमचा पृष्ठभाग स्वतःच ऑक्सिडाइज होऊन पीक देतो आणि एक मिलिग्रॅमच्या हिशोबात ते मोठं पडतं. हे तू केलेलं नसशील तर आकडा थोडा खाली येईल, येऊ दे. मग लोडिंग वाढवत दहा मिलिग्रॅमपर्यंत न्यायचं, किती घसरतं त्याचा एक ग्राफ. वेगवेगळ्या दिवशी बनवलेल्या तीन बॅचचं रीडिंग, एकच 'बेस्ट' सॅम्पल नाही. आणि डिव्हाइस चार्ज करून रात्रभर नुसतं ठेवायचं, सकाळी व्होल्टेज किती उरलं ते बघायचं. सगळे आकडे मिलिअँपिअर अवरमध्ये, खाली लोडिंग लिहून. हे दोन-तीन महिन्यांचं काम आहे, मशीन बिघडलं नाही तर, आणि यातून तुझा तिसरा पेपरही निघतो आणि थिसिसचं शेवटचं चॅप्टरही. सुपरकपॅसिटरवर पीएचडी करणाऱ्या बाकीच्या पोरापोरींनीही वाचत असाल तर हे पहिल्या वर्षीच करून टाका, चौथ्या वर्षापर्यंत थांबू नका.

'सस्टेनेबल'चं तुला टोचतंय, ते टोचणं मला बरं वाटलं. कोबाल्ट आलं की काँगो आला, जगातलं सत्तर टक्क्यांहून जास्त कोबाल्ट तिथल्या खाणीतून निघतं आणि ते कसं काढतात हे तुलाही माहीत आहे. मटेरियल बनवायला लागणारं निकेल नायट्रेट कॅन्सरकारक म्हणून ओळखलं जातं. आणि आपल्याकडे तुळशीचा नाहीतर कडुलिंबाचा रस टाकून कण बनवले की झालं ग्रीन सिंथेसिस, मग पुढे तीच भट्टी तासन्‌तास चालवलेली असते त्याचं काही नाही. टायटलमधला शब्द तू आता बदलू शकलीस तर बदल, रजिस्ट्रेशनचं टायटल बदलायची सोय बहुतेक विद्यापीठांत असते. नसेल जमत तर शब्द राहू दे आणि आत दोन पानं अशी लिही की एक ग्रॅम मटेरियल बनवायला किती नायट्रेट लागलं, त्यातलं कितीचं खरंच मटेरियल झालं आणि किती पाण्याबरोबर गेलं, इथेनॉल किती, ओव्हन किती तास. सगळं तुझ्या लॅबबुकात आहे, फक्त बेरीज करायची. सोबत तेच रिझल्ट कोबाल्ट कमी करून किंवा अजिबात न घालता येतात का, एवढं एक सॅम्पल. शब्दामागे हिशोब असला की फसवणूक राहत नाही. आणि हो, धुतलेलं ते हिरवट पाणी बेसिनमध्ये ओतत असाल तर आजच थांबवा, कॅनमध्ये साठवून लेबल लावून ठेवा. पावडर खरवडताना मास्क आणि ग्लोव्हज, आणि फ्यूम हूडमध्येच, सिनियर लोक हसले तरी.

आता नोकरी. तू लिहिलंयस 'संशोधन सोडून नोकरी', जणू फाटकातून आत गेलं की विज्ञान बाहेर राहतं. असं नसतं. पण त्या ऑफरमध्ये नेमकं काम काय आहे ते तुझ्या पत्रात कुठेच नाही, म्हणजे तू विचारलेलं नाहीस. पॅक कंपनी म्हणजे सेल बनवणारी कंपनी नव्हे, ती तयार सेल जोडून पॅक बनवते. आपल्याकडे अजून बहुतेक सेल बाहेरून येतात, सरकारने २०२१ मध्ये सेल इथे बनवण्यासाठी १८,१०० कोटींची योजना आणली, पण ते काम ठरल्यापेक्षा रेंगाळलंय. पॅकवाल्यांकडे टेस्टिंग म्हणजे आलेल्या सेलची कपॅसिटी आणि इंटर्नल रेझिस्टन्स तपासून सॉर्ट करणं, सायकलरवर (पुन्हा पुन्हा चार्ज-डिस्चार्ज करणाऱ्या मशीनवर) लावणं, गरम किती होतात बघणं, कुठला पॅक परत आला तर का आला ते शोधणं. यातलं शेवटचं काम मिळणार असेल तर फार भारी, इम्पीडन्सचा (एसी करंटला होणाऱ्या अडथळ्याचा) ग्राफ बघून काय बिघडलंय ते सांगणारी माणसं कमी आहेत आणि तू चार वर्षं तेच करत आलीयस. नुसतं सॉर्टिंग असेल तर सहा महिन्यांत कंटाळशील. तेव्हा फोन कर आणि तीन गोष्टी विचार, मी रोज कुठल्या मशीनवर असेन, फेल्युअर ॲनालिसिस कोण करतं, आणि जॉइनिंग तीन-चार महिने पुढे ढकलता येईल का. तिसरं विचारायला लाजू नको. थिसिस सबमिट करून येते म्हटलं की बऱ्याच कंपन्या थांबतात, आणि ज्या थांबत नाहीत त्यांना माणूस लगेच हवंय, मग कुठलंही चालतंय, हेही त्यातून कळतं.

मधेच सोडायच्या मी विरोधात आहे असं नाही. पहिल्या-दुसऱ्या वर्षात असतीस आणि एवढी वैतागली असतीस तर सोड म्हटलं असतं, त्यात काही कमीपणा नाही. पण तुझ्या हातात दोन पेपर आहेत, डेटा आहे, आणि उरलेलं काम मोजता येण्यासारखं आहे. शिवाय अर्धवट सोडलं तर फेलोशिपच्या हमीपत्रात काय लिहिलंय ते एकदा वाच, सही करताना कुणीच वाचत नाही. नोकरी करत थिसिस लिहीन म्हणशील तर एनओसी, फेलोशिप बंद होण्याची तारीख आणि विद्यापीठाचा नियम ही तिन्ही आधी लेखी करून घे, आणि सगळी रीडिंग्ज झाल्याशिवाय तसं करू नकोच. लिहिणं शनिवार-रविवारी होतं, हायड्रोथर्मल होत नाही.

सरांच्या 'अजून दोन'बद्दल. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत थिसिस सबमिट करायला पेपर छापलेलाच पाहिजे ही अट राहिलेली नाही. विद्यापीठ स्वतःचा नियम ठेवू शकतं, म्हणून तुमच्या पीएचडी सेक्शनमधून सध्याचा ऑर्डिनन्स (विद्यापीठाची नियमावली) मागून घे आणि किती पेपर म्हटलंय ते डोळ्यांनी बघ. बऱ्याचदा चार हा आकडा नियमात नसतो, लॅबच्या रिवाजात असतो. आणि सरांची बाजू अगदी खोटी आहे असंही नाही, पेपर असले की पोस्टडॉक सोपा जातो, त्यांच्या पुढच्या प्रोजेक्टलाही लागतात, त्यांनाही वर कुणीतरी मोजत असतंच. म्हणून नियमावली हातात नाचवत केबिनमध्ये जाऊ नको. चॅप्टरची यादी एका पानावर टाईप करून ने, प्रत्येक चॅप्टरपुढे काय झालंय आणि काय राहिलंय, खाली सिनॉप्सिसची (थिसिसआधी द्यायच्या सारांशाची) तारीख. "सर, या डेटाचा एक मोठा पेपर करते आणि सबमिट करते, दुसरा सबमिशननंतर लिहून देईन." बहुतेक गाईड पानावर तारीख दिसली की नरमतात, कारण त्यांनाही विद्यार्थी बाहेर पडायला हवाच असतो. ते तरीही सेलेनियमवरच अडले तर तुझ्या सल्लागार समितीच्या पुढच्या मीटिंगमध्ये तेच पान ठेव, तिथे बाकी दोघं असतात आणि मिनिट्स लिहिली जातात. भांडण नको, नोंद पाहिजे.

कोरियाचं आत्ता ठरवूच नको. कोल्हापूर-सोलापूर पट्ट्यातली कितीतरी पोरं तिकडे पोस्टडॉकला गेली आणि छान काम करतायत, पण करार बहुधा वर्षावर्षाचा असतो आणि तुला पुन्हा एकदा फोमवर नॅनो-काहीतरी वाढवायलाच बोलावत असतील तर तेच दुःख थंडीत भोगशील. सिनियरला विचार, तुमच्याकडे स्लरी (मटेरियलचा लगदा) करून कोटिंग करतात का, पाऊच सेल (चपट्या पाकिटातला सेल) बनवतात का, कंपनीबरोबर प्रोजेक्ट आहे का. हो असेल तर नक्की जा, पाऊच सेल हाताने बनवलेला माणूस इथे परत आला तर त्याला मागणी आहे.

घरच्यांना काय सांगायचं हे तू शेवटी एका ओळीत विचारलंयस. आईला निकेल-कोबाल्ट समजावत बसू नको, तारीख सांग. 'या महिन्यात सबमिट करते, त्यानंतर स्थळं बघू' एवढं ठाम सांगितलं की घरं थोडी शांत होतात, 'बघू, चाललंय' म्हटलं की मावश्या फोन करायला लागतात. आणि स्थळ आलंच मधे तर त्यालाही हीच तारीख सांग, तिथे जो कुरकुरतो त्याच्याबद्दल बरंच कळतं.

मग क्रम असा ठेव. उद्या कंपनीला फोन, याच आठवड्यात ऑर्डिनन्स, चॅप्टरचं पान शनिवार-रविवारी, सोमवारी सर. कोऱ्या फोमचं रीडिंग मात्र सरांकडे जायच्या आधी घे, अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि ते सोबत असेल तर बोलणं डेटावर होईल, तुझ्या मूडवर होणार नाही. कंपनीने नाही म्हटलं तरी चाकणमध्ये ती एकच कंपनी नाही.